श्रद्धा, पुरावा आणि कधीच न सापडलेला ग्रह

तुमची कॉमेंट वाचली. सूर कडक आहे पण मुद्दा नेमका आहे, म्हणून दोन ओळीत न आटपता सवडीने लिहितोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की श्रद्धा म्हणजे पुरावा नसताना मानणं, बुद्धी म्हणजे पुरावा मिळेपर्यंत थांबणं, दोघी एकत्र नांदू शकत नाहीत, आणि मी त्यांची सांगड घालून अंधश्रद्धेला मागच्या दाराने आत घेतोय. दाखला म्हणून तुम्ही इंग्लिश गणितज्ञ आणि तत्त्वज्ञ क्लिफर्डच्या 1877 च्या निबंधातला जहाजमालक दिलाय. जहाज जुनं झालंय हे त्याला ठाऊक असतं, तरी आजवरच्या सगळ्या सफरी नीट झाल्या मग हीपण होईल, अशी स्वतःची समजूत घालून तो माणसं भरून जहाज पाठवतो आणि ते बुडतं.

तो दोषी आहेच. पण कशासाठी? क्लिफर्ड पुढे म्हणतो की जहाज सुखरूप पोचलं असतं तरी तो तेवढाच दोषी ठरला असता. का, तर जहाज बंदरात समोर उभं होतं, तपासता येत होतं, मनात शंका आलीही होती आणि त्याने ती दाबून टाकली. माझ्या लेखी त्याचा गुन्हा हा शंका दाबण्याचा आहे.

आता तुमचं 'पुरावा मिळेपर्यंत थांबणं' बघू. युरेनस ग्रह न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाच्या नियमाप्रमाणे चालत नव्हता. सरळ हिशोबाने, पुरावा न्यूटनच्या विरुद्ध. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए मात्र थांबला नाही, त्याने नियम खरा धरला आणि म्हणाला की पलीकडे न दिसलेला एक ग्रह असणार, त्याची जागाही गणिताने काढली आणि बर्लिनच्या वेधशाळेला पत्र पाठवलं. 23 सप्टेंबर 1846 च्या रात्री तिथला खगोलशास्त्रज्ञ योहान गाले दुर्बिणीतून एकेक तारा सांगतोय, शेजारी एक तरुण विद्यार्थी तो नकाशावर ताडून बघतोय, आणि एका ताऱ्याला तो म्हणतो, हा नकाशात नाहीये! सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला.

आणि आता तोच माणूस, तोच विश्वास. बुधाची कक्षा हळूहळू वळत जाते, त्यात शतकाला साधारण अंशाच्या शंभराव्या भागाएवढा फरक न्यूटनच्या गणिताशी काही केल्या जुळेना. ल व्हेरिएने परत तेच केलं, सूर्याजवळ अजून एक ग्रह असणार म्हणाला, त्याचं व्हल्कन असं नावही पडलं, लोक वर्षानुवर्षं शोधत राहिले. तो नव्हताच. 1915 मध्ये आइन्स्टाइनने दाखवलं की इथे न्यूटनचं गुरुत्वाकर्षणच अपुरं पडत होतं.

मला सांगा, शोधाचा निकाल लागण्याआधी उभं राहून यातला कुठला विश्वास शहाणा आणि कुठला आंधळा हे कसं ओळखणार होतात? सुरुवातीला दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. फरक पडतो तो पुढे, तो विश्वास कुठे चुकू शकतो हे आधी सांगतो का, आणि चुकल्यावर ऐकून घेतो का यावर. व्हल्कन अमुक ठिकाणी दिसायला हवा असं सांगता येत होतं म्हणूनच तो नाही हे कळलं. (उद्याचा निसर्ग कालच्यासारखाच वागेल, हे तरी कोणी सिद्ध केलंय? स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमने अठराव्या शतकात दाखवून दिलं की त्याचा पुरावा द्यायला गेलात की तेच आधी गृहीत धरावं लागतं.)

माणसामाणसातलं तर अजूनच वेगळं आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्सने 1896 मध्ये क्लिफर्डला हेच सुनावलं, की काही गोष्टी आधी विश्वास टाकल्याशिवाय खऱ्या होतच नाहीत. समोरचा मित्र आहे याचा पुरावा मिळेपर्यंत हात आखडून बसलात तर ती मैत्री व्हायचीच नाही, मग पुरावा कुठून येणार?

तुम्ही शेवटी विचारलंय, मग देवावरच्या श्रद्धेचं काय. सरळ सांगतो. श्रद्धा जिथे जगाबद्दल दावा करते, अमुक केल्याने आजार बरा होतो वगैरे, तिथे तिला व्हल्कनसारखंच तपासाला उभं राहावं लागेल, काही सूट नाही. श्रद्धेपायी कोणी आजारी मुलाचं औषध बंद करत असेल तर मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे, तो जहाजमालकच. पण जी आई वेळेवर औषध देते, डॉक्टरचं सगळं ऐकते आणि वर प्रार्थनाही करते, तिने बुद्धी गहाण टाकली असं तुम्ही कॉमेंटमध्ये लिहिलंय, आणि ते मात्र मला अजिबात पटत नाही. तिने नेमकी कुठली शंका दाबली, कुठला तपास टाळला, ते सांगा, मग पुढे बोलू.