तात्पुरती जागा कोणती, हे आधी पाहावे
बाहेरगावी काम करताना झालेला जेवणाचा सगळा खर्च करपात्र उत्पन्नातून वजा होतो, हे सरसकट विधान मला धोक्याचे वाटते. कारण माणूस घरीही जेवतोच, म्हणून कर-कायदे जेवणाकडे मुळात खासगी खर्च म्हणूनच पाहतात. वजावटीचा विचार होतो तो कामाची जागा तात्पुरती असेल तरच. ही कालमर्यादा अमेरिकेत साधारणपणे एक वर्षाची, ब्रिटनमध्ये २४ महिन्यांची, तर जर्मनीत जेवणाच्या ठरावीक भत्त्यापुरती अवघी ३ महिन्यांची आहे. पहिल्या दोन देशांत मुक्काम त्याहून लांबणार हे आधीच ठाऊक असेल, तर वजावट सुरुवातीपासूनच नाकारली जाऊ शकते, आणि नेमके हेच अनेक जण विसरतात. कंपनीने भरून दिलेली रक्कम अर्थातच पुन्हा वजावट म्हणून दाखवता येत नाही.