आत्याच्या सीटखालचा पंप

गाडी चालू न होण्याचे दोन प्रकार असतात. पहिल्यात चावी फिरवली की नुसतं 'टक्' होतं, किंवा तेही होत नाही. हा सभ्य प्रकार. बॅटरी गेली, विषय संपला, माणूस रिक्षा शोधायला मोकळा. दुसऱ्या प्रकारात स्टार्टर ठणठणीत असतो. खुर्र-खुर्र-खुर्र करत इंजिन फिरतं, आता लागेल, आता लागेल असं वाटत राहतं आणि लागत मात्र नाही. मुलाकडच्यांनी 'पत्रिका बघून कळवतो' म्हणावं, तसं. धड नकार नाही, त्यामुळे आपल्याला हलताही येत नाही.

आमच्या गाडीने हा दुसरा प्रकार सादर करायला दाभोळ-धोपावे फेरीबोट निवडली. दापोलीहून गुहागरला जाताना वाशिष्ठीची खाडी ओलांडायला ही बोट फार सोयीची, नाहीतर चिपळूणचा वळसा पडतो. बोटीत आम्हाला सगळ्यात पुढची जागा मिळाली. पुढची गाडी आधी उतरते, म्हणून मी खूश. पुढची उतरली नाही तर मागचं कोणीच उतरत नाही, हा त्याच नियमाचा उत्तरार्ध धोपाव्याच्या जेटीवर उलगडला.

फळी पडली. चावी फिरवली. खुर्र-खुर्र-खुर्र. मागून पहिला हॉर्न.

"पेट्रोल हाय ना?" टोपली घेऊन उतरणाऱ्या मासेवालीने विचारलं. हा प्रश्न पुढे जवळजवळ प्रत्येकाने विचारला, आणि काटा अर्ध्यावर दाखवूनही कोणाचं समाधान झालं नाही. एका स्कूटरवाल्याने बॅटरी उतरल्याचं जाहीर केलं. बॅटरी उतरली असती तर इंजिन एवढ्या जोमाने फिरलं असतं का? पण हॉर्नच्या कल्लोळात कोणाला समजावणार!

मग धक्क्याचा प्रस्ताव आला. स्टार्टर जे काम करत होता तेच सहा माणसांनी करायचं, एवढाच त्यात फरक. शिवाय इंजेक्शनच्या गाडीत न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या धूर साफ करणाऱ्या जाळीत जाऊन तिची वाट लागते ती वेगळीच. नुसती ढकलून बाजूला घ्यावी, तर बोटीवरचा खलाशी म्हणाला, "भरतीला ढकलली असती वो. आता ओहोटी हाय, चढ बघा की."

पेट्रोलच्या इंजिनाला हवा, पेट्रोल आणि ठिणगी लागते. हवा खाडीवर भरपूर होती. टेम्पोवाल्याने एक्सलेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायला लावला. त्याच्या म्हणण्यात दम होता, कारण इंजिनात पेट्रोल जास्त झालं असेल तर असं केल्यावर गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल तोडतो आणि प्लग सुकायला वाव मिळतो. पण आमच्याकडे पेट्रोलचा वासही येत नव्हता. म्हणजे ते पोचतच नव्हतं. स्टार्टर एका वेळी १० सेकंदांहून जास्त मारू नये, मध्ये विश्रांती द्यावी. मी विश्रांती देत होतो. मागचे देत नव्हते.

एका कॉलेजकुमाराने फ्यूज बॉक्स उघडला, हॉर्नचा रिले, म्हणजे वीज सोडणारी-तोडणारी डबी, काढला आणि इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाच्या रिलेच्या जागी बसवला. गाडी लागली नाही, वर आमचा हॉर्नही गेला. त्याची उणीव मात्र मागच्यांनी भासू दिली नाही.

"चावी नुसती ऑन करा," तो म्हणाला. "पंप २-३ सेकंद घूंऽ करतो. ऐकू येतंय का बघा."

पंप पेट्रोलच्या टाकीत, टाकी मागच्या सीटखाली आणि सीटवर आत्या. बोटीचं डिझेल इंजिन धडधडत होतं, तेव्हा ऐकणार तर तीच.

"आत्या, तुझ्या खालून घूं असा आवाज येतोय का गं?"

मागच्या दोन गाड्यांनी नेमका तेव्हाच हॉर्न थांबवला. आत्याने पदर सावरला. "मला काही होत नाहीये," ती म्हणाली, "आणि झालं असतं तरी चारचौघांत सांगितलं नसतं."

आवाज नव्हता, एवढं कळलं.

खलाशाने मग चाकाखालची लाकडी उटी काढली आणि गाडीखाली सरकला. "मारा स्टार्टर!" मी मारला, त्याने खालून टाकीच्या बुडाला उटीचे दोन ठोके दिले. घूंऽ! आणि गाडी लागली. पंपाच्या मोटरमधले वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजले की मोटर एखाद्या जागी अडून बसते आणि ठोक्याने तात्पुरती सुटते. "आता बंद करू नका," तो म्हणाला. ठोके मी दिले असते तर आधी शंभरदा 'पेट्रोलची टाकी' असं मनात म्हटलं असतं. त्याने शर्ट झटकला आणि पुढच्या गाडीला हात केला.

शृंगारतळीच्या गॅरेजपर्यंत मी गाडी बंद केली नाही. आत्याला वाटेत शहाळं हवं होतं, ते चालू गाडीत बसून प्यावं लागलं.

मेकॅनिकने सीट उचलली. खालून लिमलेटच्या गोळ्या निघाल्या आणि गेल्या गणपतीत हरवलेला आत्याचा चष्मा. तो नाकावर ठेवून तिने काढलेला पंप निरखला. "एवढुसा? आणि एवढे पैसे?" नव्या पंपाची किंमत तिने घासाघीस करून उतरवायला लावली, माझ्याकडून मोजून घेतली आणि जुना पंप पेपरात गुंडाळून मागितला.

"अहो आजी, ह्याचं करणार काय?"

"ते मी बघेन. त्याच्यावर बसून मी आले आहे."