टॉप होणार ना नक्की?

आज सकाळी आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर एकाने विचारलं, रविवारी टॉप होणार ना नक्की, म्हणजे गडाच्या माथ्यावर पोचणारच ना, गॅरंटी आहे का. मी चहा पिता पिता वाचलं आणि डोकंच फिरलं. अरे गॅरंटी कसली? टीव्ही घेतोयस का?

हरिश्चंद्रगड, खिरेश्वरवरून, जुलै. जे त्या दिवशी होते त्यांना आठवत असेलच. खुबी फाट्याला उतरलो, धरणाच्या भिंतीवरून चालत गावात, पोहे खाल्ले आणि पावसातच निघालो. तोलार खिंडीत पोचेपर्यंत ११ वाजून गेले कारण दोघांचे बूट नवेकोरे आणि एकाचे तर जिमचे. खिंडीत ढग असे उतरलेले की पुढच्याची सॅक दिसेना. गावातले मामा होते सोबत, ते म्हणाले, "मी नेईन वर, माझं काय. पण तुमची पोरं एकमेकांना दिसायची नाहीत." बस्स. मी म्हटलं, मागे फिरा.

ज्यांनी ती वाट केलीय त्यांना सांगायला नको. खिंडीच्या वर रेलिंगवाला कातळ आहे, पावसात तो निसरडा असतो, पण तो निदान समोर दिसतो तरी. खरी गंमत त्याच्यावर. देवळापर्यंत नुसत्या टेकड्या, चढा-उतरा, चढा-उतरा, आणि ढोरवाटा सगळीकडे फुटलेल्या. धुक्यात तिथे लोक चुकतात, रात्र काढतात. आणि पलीकडे कोकणकडा आहे राव, सरळ तुटलेला कडा.

तर एक दादा खिंडीतच सुरू झाले. पैसे भरलेत, सुट्टी टाकलीय, वाटेचा नकाशा, जीपीएक्स फाईल, आहे मोबाईलमध्ये, मी पुढे होतो तुम्ही मागून या. त्यांना मी जे बोललो ते इथे लिहीत नाही 😀 एकट्याला सोडलं नाही एवढंच.

लोकांना वाटतं लीडर म्हणजे पुढे शिट्टी मारत चालणारा. वाटेची रेकी, गावात आधी फोन, ओढ्याला पाणी किती, शेवटची एसटी कधी, सगळ्यात मागे कोण चालणार, हे कुणाला दिसतच नाही. मागे चालायला मी नेहमी ग्रुपमधला सगळ्यात शांत माणूस ठेवतो, कारण दमलेल्याचं रडगाणं तोच ऐकतो. आणि वीस जणांच्या ग्रुपचा स्पीड म्हणजे सगळ्यात हळू चालणाऱ्याचा स्पीड, मग तुझ्या स्ट्रावा अ‍ॅपवर काहीही स्पीड असो.

हो, कमर्शियल ग्रुपवाल्यांमुळे नवीन लोक डोंगरात येतायत, गावात चार पैसे जातायत, मान्य. पण दीडशे माणसं एका वाटेवर आणि पोस्टरवर ड्रोन शूट फ्री, मागे फिरायचं कधी ते कुठेच नाही. राग येतो यार.

असो. त्या दिवशी खाली येऊन मामांच्या घरी चुलीपाशी बसलो, पिठलं-भाकरी आणि ठेचा. मामी प्रत्येकाचे ओले मोजे मागून घेऊन चुलीच्या कडेला लावत होत्या, त्या दादांचेही. दादा तेव्हाही गप्पच होते, पण भाकऱ्या तीन खाल्ल्या त्यांनी.

रविवारी त्याच गडावर पाचनईवरून जातोय, सोपी वाट आहे. तरीही दुपारी १२ पर्यंत जिथे असू तिथून परत. गॅरंटी पाहिजे त्याने आजच नाव काढा, वेटिंगला माणसं आहेत. बाकीच्यांनी शिट्टी आणा, टॉर्च आणा, आणि जिमचे बूट घालून आलात तर गाडीतच बसवीन.