कविता न वाचता रसग्रहण कसं करावं

रसग्रहण लिहायला बसलात की पहिली खबरदारी घ्यायची ती कवितेपासून लांब राहण्याची. कविता वाचली की मत बदलण्याचा धोका असतो, आणि मत बदललं की आधीच लिहून ठेवलेला शेवट वाया जातो. तो शेवट तर आपली जन्माची कमाई: 'आशय आणि अभिव्यक्ती यांचा सुरेख संगम साधणारी ही रचना वाचकाला अंतर्मुख करते.' हे वाक्य कुठल्याही कवितेला लागू पडतं, कथेला लागू पडतं, थोडा धीर केलात तर एखाद्या निविदेलाही लागू पडेल.

सुरुवात मध्यवर्ती कल्पनेपासून करावी. ती एका शब्दात आटपली पाहिजे: प्रेम, मृत्यू, निसर्ग, एकटेपणा. त्या प्रेमाबद्दल कविता म्हणते काय, ती त्याच्या बाजूची आहे की दुसऱ्या कडव्यात तिनं गुपचूप बाजू बदलली, असल्या चौकशा करू नयेत. 'मृत्यू हा नुसता विषय झाला. माणूस गेल्यावर त्याच्या वस्तूंचं काय करायचं ते कुणालाच कळत नाही, हा आशय झाला' असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकून घ्यावं, मान डोलवावी आणि 'मृत्यू' लिहून मोकळं व्हावं.

नमुन्यादाखल चार ओळी घेऊ. मोठ्या कवीच्या घेतल्या तर भक्तमंडळी दुखावतील, म्हणून मीच रचल्या आहेत:

बाबांचा चष्मा खणात सापडला.
पुसला.
परत ठेवला.
खण नीट लागत नाही.

आता अनुभवी माणूस यावरून कसा हात फिरवतो ते पाहा. 'प्रस्तुत कवितेत पितृवियोगानं व्याकूळ झालेल्या मुलाची हुरहुर कवीनं हळुवारपणे टिपली आहे.' झालं काम. एका वाक्यात बाबांना संपवलं, त्यांना मुलगा दिला आणि त्याला व्याकूळही करून टाकलं. कवितेत यातलं काहीच नाही, पण त्यानं बिघडत नाही. बाबा गेले असं कुठंही म्हटलेलं नाही. ते नवा चष्मा लावून शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलेले असू शकतात. बोलणारा मुलगा की मुलगी की सून, तेही कळत नाही. कळू नये ही सोय मराठीच्या व्याकरणानंच करून ठेवली आहे. सापडला, पुसला, ठेवला ही तिन्ही क्रियापदं चष्म्याच्या लिंगाप्रमाणे चालतात. ज्यानं पुसला त्याला वाक्यात पाऊलही टाकावं लागत नाही. हुरहुर कसली, इथं हुरहुर वाटणारं माणूसच पडद्याआड आहे. असल्या गोष्टी तुमच्या लक्षात येऊ लागल्या तर डोळे मिटून दीर्घ श्वास घ्या. सवय लागते.

'पुसला' या एका शब्दाला अख्खी ओळ दिली आहे, ती जागेची उधळपट्टी समजावी. 'पुसून परत ठेवला' असं एका दमात लिहिलं असतं तर काम उरकलं असतं. तोडून लिहिल्यामुळे पुसणं आणि ठेवणं यांच्या मधे हात थोडा वेळ थांबतो, आणि त्या थांबण्यात काय झालं ते कविता सांगत नाही. आपणही विचारू नये. शेवटची ओळ तर सुताराकडे करायची तक्रार वाटते. तीन ओळी भूतकाळात, चौथी वर्तमानात: चष्म्याचं प्रकरण मिटलं, खणाचं अजून चालूच आहे. एवढं दिसून गेलंच तर ताबडतोब 'शेवटची ओळ कवितेला वेगळ्याच उंचीवर नेऊन ठेवते' असं लिहून टाकावं. उंची किती आणि शिडी कुठली, हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

यानंतर आकृतिबंध, म्हणजे कवितेची बांधणी. ओळी लहानमोठ्या दिसल्या की 'मुक्तछंद' लिहावं. मुक्त म्हटलं की आकृतिबंधाची जबाबदारी संपते. छंद असलाच तर त्याचं नाव सांगावं, मात्रा मोजाव्यात आणि हात झटकावेत. ग्रांथिक, म्हणजे ग्रंथांत वापरलेल्या ओवीचे पहिले तीन चरण यमकानं बांधलेले असतात आणि चौथा आखूड, यमकातून सुटलेला. तीनदा गाठ मारून चौथ्यांदा दोरी सोडण्यानं अर्थाला काय मिळतं, हा प्रश्न उकरला तर अख्खी दुपार जाते. सुनीत, म्हणजे सॉनेट, आलं तर १४ ओळी मोजून घ्याव्यात. त्यात बहुधा आठव्या ओळीनंतर विचार वळतो; आपण वळू नये, सरळ जावं. अलंकारांचं मात्र पीक काढायचं. एका ओळीत दोन 'क' सापडले की अनुप्रास, आणि अनुप्रास सापडला की 'नादमाधुर्य'. ओळ भांडणाची असो की खुनाची, माधुर्य कायम. आमच्या चार ओळींत अलंकार नाहीत. तिथं 'साधी, सोपी, ओघवती शब्दकळा'.

प्रतिमांसाठी एक कोष्टक पाठ करून ठेवा. पाऊस म्हणजे दुःख, पक्षी म्हणजे स्वातंत्र्य, खिडकी म्हणजे आशा, सूर्यास्त म्हणजे जीवनाचा अंत. या शेवटच्या बाबतीत मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकारानं घोळ घालून ठेवला आहे. 'सूर्य मावळला' एवढंच वाक्य घेऊन अकराव्या शतकातला हा गृहस्थ 'काव्यप्रकाशा'त दाखवतो, की ते सेनापतीला सांगितलं तर हल्ल्याची वेळ झाली, गुराख्याला सांगितलं तर गाई घरी ने, मजुरांत कुणी म्हटलं तर काम थांबवू, प्रियकराची वाट पाहणारीला सांगितलं तर तो आता येईलच. म्हणजे कोण कुणाला कधी म्हणतंय ते पाहिल्याशिवाय अर्थ हाती लागत नाही. इतकी चौकशी करायला कुणाला सवड आहे? कोष्टक बरं.

कथा-कादंबरीला हेच सगळं लागू, फक्त पानं जास्त वगळावी लागतात. कथेतला 'मी' म्हणजे लेखकच, हे गृहीत धरावं. 'मी' खोटं बोलत असेल ही शंका मनात आणू नये. लेखकानं लग्नाची दहा वर्षं एका वाक्यात उडवली आणि दारावरची बेल वाजल्यापासून दार उघडेपर्यंत तीन पानं घालवली, तर 'मधला भाग रेंगाळतो' असं लिहावं.

सगळ्यात भरवशाचं म्हणजे कवीचं नाव. आय. ए. रिचर्ड्स या इंग्रज समीक्षकांनी केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवींची नावं झाकून कविता वाचायला दिल्या आणि त्यांचे अभिप्राय १९२९ साली 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम'मध्ये छापले. चांगल्या शिकलेल्या मुलांनी नामवंतांच्या कवितांना नावं ठेवली आणि किरकोळ कवितांना डोक्यावर घेतलं. धडा उघड आहे: नाव आधी पाहावं. नाव कळलं की चरित्र आलं, चरित्रात एखादं दारिद्र्य किंवा प्रेमभंग मिळतोच, आणि कविता त्याचा पुरावा म्हणून जोडता येते. विमसॅट आणि बिअर्डस्ली या अमेरिकी अभ्यासकांनी १९४६ मध्येच म्हणून ठेवलंय, की कवीचा हेतू हा कवितेचं मोल ठरवण्याचा निकष होऊ शकत नाही. पण 'कवीला इथं असं म्हणायचं आहे' या वाक्यावर ज्यांचा संसार चालतो त्यांनी करायचं काय? रोलाँ बार्थ या फ्रेंच समीक्षकांचं नाव मात्र जरूर घ्यावं. लेखक मेला, म्हणजे अर्थावर त्याची मालकी उरली नाही, असं त्यांनी १९६७ मध्ये जाहीर केलं. सभागृहात लेखक पहिल्या रांगेत बसला असेल तर हे जरा हळू आवाजात सांगावं, आणि लगेच 'सरांना इथं नेमकं काय म्हणायचं होतं' यावर यावं.

इतकं करूनही कुणी तरी उठून विचारतंच, 'हे कवितेत कुठं आहे?' घाबरू नका. 'प्रत्येक वाचकाचा अर्थ वेगळा असतो' असं मोठ्या मनानं सांगा. मात्र दुसऱ्या कुणी तुमच्याहून वेगळा अर्थ मांडला, की हे वाक्य तत्काळ मागं घ्या आणि 'कुठल्या ओळीवरून?' असं दरडावून विचारा. त्यानं ओळ दाखवलीच, तर वेळ संपल्याचं जाहीर करा.