आधी बुडवा, मग भरा

आजोबांच्या वाटणीचे खाडीकाठचे खाजन शेत तुमच्या नावावर आहे आणि त्यात तुम्ही अजून भात लावता, असे कानावर आले. घरची माणसे भिडेपोटी काही बोलत नसतील. मी बोलतो, कारण मी स्वतः या दुखण्यातून उठलो आहे. माझेही शेत होते, इथेच गोव्यात, मांडवी नदीला मिळणाऱ्या एका खाडीच्या काठाला. गावाचे नाव सांगत नाही, उगीच भाव चढायचे. आज त्या शेतावर चार मजले उभे आहेत, जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मी राहतो आणि हे हिताचे चार शब्द तिथल्याच बाल्कनीत बसून लिहितो आहे.

आधी हिशेब बघा. भात खंडीने मोजतात आणि जमीन चौरस मीटरने. इथेच सगळे आले. खंडी वर्षातून एकदा येते, तीही पाऊस, मोर आणि मजूर यांच्या मर्जीने. चौरस मीटर बारमाही पिकतो, रात्रीसुद्धा. आता तुम्ही म्हणाल, शेत नुसते भात देत नाही. कबूल. डोंगरावरून उतरलेले पाणी ते भरती ओसरेपर्यंत पोटात धरून बसते आणि ओहोटी लागली की खाडीत सोडते, म्हणून पलीकडचा बाजार, शाळा, रस्ता कोरडा राहतो. पण या चाकरीचे बिल तुमच्या आजोबांनी कधी कोणाला पाठवले का? पणजोबांनी? मग ज्याचे बिल जात नाही त्याची किंमत शून्य. (अर्थशास्त्र असे म्हणत नाही हे मला ठाऊक आहे. पण दलाल म्हणतो, आणि चेक दलाल आणतो.)

खाजन म्हणजे काय, हे हल्ली समजावून सांगावे लागते. ३,७०२ चौरस किलोमीटरच्या या राज्यात सुमारे १८ हजार हेक्टर जमीन अशी आहे की ती मुळात भरतीच्या पाण्याखाली जायची. गावकरी मंडळींनी शेकडो वर्षांपूर्वी माती, पेंढा आणि चिऱ्यांचे बांध घालून ती खाडीकडून मागून घेतली. बांधात ठिकठिकाणी मानस बसवली. मानस म्हणजे लाकडी झडपांचे दार. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ते आपोआप मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने आपोआप उघडते. वीज नाही, वॉचमन नाही, टेंडर नाही. दाराच्या आत पोंय, म्हणजे पाणी खेळते ठेवणारी लांबट तळी, तिच्यात शेवटे, काळुंदर हे मासे आणि सुंगटे, म्हणजे कोळंबी. वर मळ्यात खारेपण सोसणारे कोरगुट भात. मानशीवरच्या मासेमारीची दरवर्षी पावणी, म्हणजे लिलाव, व्हायची आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी. यात कोणा एकट्याचे उखळ पांढरे होत नाही, हाच या व्यवस्थेचा खरा दोष.

सामायिक पाणी, कुरण, मासळी लोक स्वतःच नियम करून नीट सांभाळू शकतात, हे दाखवून दिल्याबद्दल एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्या आजोबांना ते फुकटात माहीत होते, म्हणून तर त्यांना कोणी विचारले नाही. तुम्हीही विचारू नका, ते सांगत बसतील आणि तुमचे मन चळेल.

तर कामाला लागू. शेत विकायची घाई करू नका, घाईने विकणारा स्वस्तात विकतो. पहिले काम शेत बुडवणे. त्यासाठी काहीही करायचे नाही, हीच त्यातली गंमत. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी कोमुनिदादकडून, म्हणजे गावची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेकडून, कुळांच्या संघाकडे आली. त्या संघाच्या बैठकीला जाऊ नका. कुर्लीने, म्हणजे खेकड्याने, बांधाला बीळ पाडले तर त्यात चिखल कोंबायला पाच मिनिटे लागतात, ती पाच मिनिटे काढू नका. पावणीत मानस घेणाऱ्याला भातात नव्हे, मासळीत रस असतो. मासळी जास्त यावी म्हणून तो भरतीलाही दार उघडे ठेवतो. ठेवू द्या. एखाद्या अमावास्येच्या भरतीला ते बीळ हाताएवढे, मग माणसाएवढे होते आणि सकाळी उठून बघावे तर शेतात आभाळ. खारे पाणी एकदा शिरले की काही हंगाम भाताचे नाव नको. त्या काळात भेटेल त्याला सांगत राहा, ‘शेतीत आता काही राहिले नाही हो.’ हे चेहरा पाडून म्हणायचे असते. मला दोन वर्षे लागली, पण शेवटी माझा मलाच विश्वास बसला.

एक सावधगिरी मात्र हवी. पडीक खाजनात खारफुटी भराभर रुजते आणि तिला कायद्याचे संरक्षण आहे. तसे संरक्षण खाजनालाही आहे म्हणा. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांसाठी वेगळी तरतूद आहे आणि तिथे विकासकामे नकोत, असे साफ लिहिले आहे. पण एखादे खाजन खाजन आहे की नुसताच पाणथळ कोपरा, यावर वर्षानुवर्षे वाद घालता येतो. झाडाशी असा वाद घालता येत नाही. ते सरळ उभे राहते. कुळांना मिळालेली जमीन दुसऱ्या कामाला लावू नये असा १९९१ चा कायदा आहे, आणि शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर बंधने घालणारा २०२३ चा. घाबरू नका. ज्या राज्याला एकाच शेतासाठी इतके कायदे करावे लागले तिथे काय चालत असेल, याचा अंदाज घ्या आणि धीर धरा.

पुढचे काम नकाशाचे. कुठल्या जमिनीवर काय करायचे ते ठरवणाऱ्या प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये तुमचे शेत शेत म्हणूनच रंगवलेले असेल. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता, ती अनवधानाने झालेली चूक. हा शब्दप्रयोग माझा नाही. १९७४ च्या नगरनियोजन कायद्यात २०२३ साली कलम १७(२) आले ते आराखड्यातल्या अशा अनवधानाच्या चुका सुधारायलाच. शेत शेत असणे ही चूक, आणि मालकाने अर्ज करून शुल्क भरेपर्यंत ती कोणाच्या लक्षातच येत नाही! मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्या कलमाखालचे नियम रद्द केले. खचू नका. अर्जावरून जमिनीचा वापर बदलून देणारे ३९अ हे कलम २०२४ सालीच आणून ठेवलेले होते. पुढे त्यालाही आव्हान मिळाले. कलमांचेही खाडीसारखेच असते, भरती-ओहोटी चालायचीच, आपण आपली होडी बांधून ठेवावी. फक्त २००७ विसरू नका. तेव्हा लोक रस्त्यावर आले आणि प्रादेशिक आराखडा २०११ सगळाच्या सगळा गुंडाळावा लागला. म्हणून अर्ज करायचा तो एकट्याने, गुपचूप, आणि शक्यतो चतुर्थीच्या आसपास, गाव गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधण्यात गुंतलेले असताना.

मग भराव. त्याला लाल माती लागते आणि ती डोंगराशिवाय कुठून येणार? डोंगर कापायला आणि सखल जमीन भरायला परवानगी लागते, कलम १७अ खाली. पण बघा कसा योग आहे, डोंगर कापला की तिथे एक प्लॉट तयार होतो, ती माती शेतात टाकली की इथे दुसरा. एका ट्रकच्या फेरीत दोन प्लॉट. डोंगराची झर आटते आणि शेतातली पाण्याची जागा जाते, म्हणजे उन्हाळ्यात पाणी नाही आणि पावसाळ्यात पाणीच पाणी. समतोल विकास म्हणतात तो हाच असावा.

पिगू नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० सालीच लिहून ठेवले आहे, की आगगाडीच्या ठिणग्यांनी शेजारचे रान जळते, पण त्याचा खर्च रेल्वे कंपनीच्या वहीत येत नाही. असा खर्च कर लावून ज्याचा त्याच्या वहीत आणावा, हे त्याचे म्हणणे. बिचाऱ्याला गोवा पाहायला मिळाला नाही. आपल्याकडे अशा माणसाला कर नसतो, शुल्क असते. कर द्यावा लागला तर माणूस दोनदा विचार करतो, शुल्क भरले की पावती मिळते आणि विचार करायचे कारणच उरत नाही. २०१६ साली तर अनधिकृत बांधकामे नियमित करण्याचाच कायदा झाला. तुमचे शेत मीटर-दीड मीटर उंच झाले म्हणून त्यात मावणारे पाणी नाहीसे होत नाही, ते शेजाऱ्याकडे जाते. त्याचे शेत मग आपसूक बुडते, त्याला कुर्लीची वाट बघावी लागत नाही. शेजारधर्म म्हणून त्याला आपल्या दलालाचा नंबर द्या.

कोणी फारच तत्त्वाचे बोलू लागला तर त्याला पणजी दाखवा. १८४३ साली राजधानी झालेले हे शहरही बऱ्याच अंशी भराव घालूनच उभे आहे. मुसळधार पाऊस आणि भरती एका वेळी आली की गटारांचे पाणी मांडवीत जाईना होते, उलट मांडवीच गटारांत डोकावते, आणि ‘अठरा जून’ नावाच्या बाजाररस्त्यावर माणसे चपला हातात घेऊन चालतात. २०१६ साली पणजीचे नाव स्मार्ट सिटीच्या यादीत आले, मग रस्ते खणले, बुजवले, पुन्हा खणले. पाण्याला मात्र ती यादी कोणी दाखवली नसावी.

विक्रीचे फारसे शिकवायला नको. इमारतीच्या नावात ‘पॅडी’ किंवा ‘रिव्हर’ हवे, म्हणजे जे बुजवले त्याची आठवण राहते. २०११ च्या जनगणनेत आपण सारे मिळून साडेचौदा लाख, आणि २०२४ साली पर्यटक आले एक कोटीच्या घरात. त्यातल्या थोड्यांना जरी इथे पंधरा दिवसांपुरते घर हवे झाले तरी तुमचे भले. उरलेले साडेअकरा महिने खिडक्या बंद असतात, शांतता छान मिळते.

पाण्याचे ग्राहक विचारतोच. सांगा, चोवीस तास. टँकर टाकीत ओततो, टाकीतून नळाला येते, यात खोटे काय? ऑगस्ट २०१९ मध्ये कुर्टी-खांडेपारजवळ ओपा जलप्रकल्पाची जलवाहिनी फुटली आणि पणजी-फोंड्याकडची माणसे भर पावसाळ्यात बरेच दिवस घागरी घेऊन हिंडली. बाहेर धो धो पाऊस आणि घरात नळ कोरडा. टँकरवाल्याचे नशीब कोणत्या महिन्यात उघडेल सांगता येत नाही, हे मला तेव्हा कळले. आमचा टँकर वरच्या गावातल्या एका कुळागरातल्या, म्हणजे सुपारीच्या बागेतल्या, विहिरीवर भरतो. ज्याची सुपारी सुकते तो पाणी विकू लागतो, आणि त्याने पाणी विकले की त्याच्या शेजाऱ्याची सुपारी सुकते. तिकडेही शेजारधर्म आहेच. म्हादई, म्हणजे वरच्या अंगाची मांडवीच, तिच्या पाण्यासाठी आपण कर्नाटकाशी भांडतो, २०१८ च्या लवादाच्या निवाड्यातले टीएमसीचे (अब्ज घनफुटांचे) आकडे तोंडपाठ म्हणतो. भांडलेच पाहिजे. टँकर टीएमसीत मोजत नाहीत, म्हणून तो विषय निघत नाही इतकेच.

बाकी किरकोळ. खाजनात हातभर खणले की पाणी लागते, त्यामुळे शोषखड्डा शोषत नाही, साभार परत करतो. रात्री पंप लावावा, खाडी जवळच आहे. कचऱ्याला सोनसोडोचा डेपो आहे, साळगावचा प्रकल्प आहे, आणि ते लांब पडत असेल तर वळणावरचा व्हाळ, म्हणजे ओहोळ, आहे. पणजीला मांडवीवर पूल तीन झाले. तिन्ही भरले की चौथा मागू.

आता माझ्या सुखाबद्दल. आमची लिफ्ट पहिल्याच जूनमध्ये बंद पडली. तळाच्या खड्ड्यात पाणी. मेकॅनिक आला, पंप लावून गेला. पंधरा दिवसांनी, पौर्णिमेला, पुन्हा तेच. आतून सिमेंट लावले, मग एका कंपनीचे रसायन, मग दुसऱ्या कंपनीचे. पाणी येत राहिले, तेही अगदी वेळेवर. एका रात्री ते पार्किंगमध्ये स्कूटरच्या फूटबोर्डापर्यंत चढले, तेव्हा मागच्या वाड्यावरून थोरले काका बॅटरी घेऊन आले. शेताच्या कागदावर त्यांनी सही केली होती ती न वाचता, माझ्या शब्दावर. धोतर गुडघ्यावर खोचून ते पाण्यात उभे राहिले, बॅटरीचा झोत लिफ्टच्या दारावर टाकला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

‘मानस इथेच होती ना रे?’

‘असेल,’ मी म्हटले.

‘असेल कसली? इथे बसून शेवटे धरायचो आम्ही.’ मग वाकून त्यांनी पाण्यात बोट बुडवले आणि जिभेला लावले. ‘खारे आहे. भरतीचे. पहाटे तीनला उतरेल, जा झोप.’

उतरले. तीनला दहा मिनिटे होती.

तेव्हापासून सोसायटीने लिफ्टच्या दारावर भरती-ओहोटीचा तक्ता लावला आहे. मोठ्या भरतीच्या दिवसांत भरती आली की लिफ्ट बंद करायची, ओहोटी लागली की पाणी उपसून सुरू करायची. त्यासाठी एक माणूस पगारावर ठेवला आहे, दोन पाळ्यांना दोन. देखभालीचा खर्च फ्लॅटमागे वाढला, पण बंद फ्लॅटवाले तक्रार करत नाहीत, त्यांना लिफ्ट लागत नाही.

काल दलालाचा फोन आला होता. पलीकडच्या मानशीजवळचा काकांच्या एकट्याच्या मालकीचा तुकडा अजून तसाच आहे, आणि तिथेही बांधाला बीळ पडले आहे म्हणे. गिऱ्हाईक तयार आहे, दरही बरा आहे.

‘पण ते रोज सकाळी जाऊन बुजवतात हो,’ तो वैतागून म्हणाला. ‘तुम्ही जरा समजावून सांगा ना त्यांना.’

बघतो म्हटले.