ओबी

जपानी रेकॉर्डच्या कव्हरला डाव्या कडेने कागदाची एक उभी पट्टी गुंडाळलेली असते. तिला ओबी म्हणतात, किमोनोच्या कंबरपट्ट्यावरून. जुन्या बाजारात ओबी असली तर रेकॉर्डला भाव, नसली तर रेकॉर्ड गेली तेल लावत. तीन महिन्यांसाठी तोक्योला आमच्याकडे आलेल्या आईला मी हे समजावलं. ती म्हणाली, "ओवी? कुठल्या अध्यायातली?"

रेकॉर्ड 'ऑन्ट सॅली' या पंक रॉक बँडची, 1979 सालची, ओसाकाच्या व्हॅनिटी रेकॉर्ड्सने काढलेली. गायिका फ्यू. मूळ प्रतीसाठी निशिकासाईतल्या दोन खोल्या गहाण टाकाव्या लागल्या असत्या (त्याही भाड्याच्या), म्हणून नवी आवृत्ती मागवली. त्यात 'सुबेते उरिमोनो' नावाचं गाणं आहे, म्हणजे 'सगळं विकाऊ'. पैसे भरताना हे आठवायला हवं होतं.

पार्सल आलं तेव्हा मी ऑफिसात. आई घरात होती, पण परक्या मुलखात दार उघडू नकोस, असं मीच तिला बजावलेलं. दारात चिठ्ठी. मग फोनवरच्या यंत्राने सांगितले तेवढे आकडे दाबून संध्याकाळी सात ते नऊची वेळ घेतली. तो आला तेव्हा मी आंघोळीत. दुसरी चिठ्ठी. तिसऱ्या खेपेला तो माणूस इतका वाकला, की चूक त्याचीच असावी असं मलाही वाटू लागलं.

पंक म्हणजे सगळं मोडा, तोडा. ते ऐकायला मी सुती हातमोजे घातले, ब्रशने धूळ टिपली, ओबी अलगद सरकवून टेबलावर ठेवली. खालच्या मजल्यावरच्या आजींना त्रास नको म्हणून आवाज एवढा बारीक केला, की सगळी बंडखोरी फ्रिजच्या घरघरीखाली गेली.

"ही बाई रागावलीय की झोपेत बोलतेय?" आईने विचारलं. फ्यूच्या गाण्याचं इतकं नेमकं परीक्षण मी कुठे वाचलेलं नाही.

दुसरी बाजू संपली, आणि पाहतो तर ओबी गायब. सोफ्याखाली पाहिलं. बायकोने रद्दीच्या वारासाठी बांधून ठेवलेलं खोकं सोडलं. तिने माझ्याकडे पाहिलं, बोलली काही नाही.

"आई, इथे एक पट्टी होती..."

"तूच ओवीची म्हणालास ना? छान जाड कागद आहे, खुणेला बरा."

पोथीच्या नवव्या अध्यायात होती.

"लांब होत होती रे," आई म्हणाली, "म्हणून मधोमध घडी घातली. नखाने दाबलीय नीट."