‘फोन आहे ना, मग व्हिडिओग्राफर कशाला?’ या फॉरवर्डला एका एडिटरचं उत्तर

तो मेसेज तुमच्यापर्यंत पण आला असेल. मला या महिन्यात चौथ्यांदा आला, त्यातला एक तर अशांकडून ज्यांच्याच फिल्मचं काम सध्या माझ्या टेबलवर पडलंय. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं, की कॉर्पोरेट फिल्म असो नाहीतर कंपनीचा कार्यक्रम, प्रोफेशनल व्हिडिओग्राफर बोलावणं म्हणजे पैसे पाण्यात. का, तर १) प्रत्येकाच्या खिशात फोर-के कॅमेरा आहे, २) ॲपलने स्वतःचा इव्हेंट आयफोनवर शूट केला, ३) आवाज खराब आला तरी एआय साफ करून देतं, ४) एडिटिंगही ॲपच करतं, ५) तीन मिनिटांच्या फिल्मला ही मंडळी कितीतरी दिवसांचे पैसे लावतात, ६) आणि ऑफिसात एक हौशी पोरगा असतोच, त्याच्या हातात द्या फोन. खाली नेहमीचं, जास्तीत जास्त लोकांना पाठवा.

आधी माझं सांगतो. मी शूट करत नाही, एडिट करतो. फोनवर शूट करून हातचं गेलेलं फुटेज ‘जरा नीट करून द्या ना’ म्हणत शेवटी माझ्याकडेच येतं आणि त्याचे मी जास्त पैसे घेतो, म्हणजे हा मेसेज जितका फिरेल तितकी माझीच चांदी आहे. तरी लिहितोय कारण असलं फुटेज ऐकून ऐकून कान किटलेत, आणि हे अक्षरशः, हेडफोन लावून.

क्रमाने घेत नाही. आधी तिसरा मुद्दा, आवाजाचा, कारण सगळी वाट तिथेच लागते.

बोलणाऱ्यापासून माइकचं अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने पडतो. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर असतो, धरा २० सेंटिमीटर. फोन हॉलच्या मागे, धरा २० मीटर. अंतर शंभरपट, म्हणजे ४० डेसिबलचा फरक. बरं पडलेला आवाज वाढवता येतो, पण हॉलचा घुमारा, एसीची घरघर, शेजारच्या खुर्चीतला खोकला हे काही पडलेलं नसतं, ते फोनच्या तोंडाशीच असतं, तुम्ही भाषण वाढवलं की तेही वाढतं. यावर लोक म्हणतात अहो स्टेजवर माइक होता, स्पीकर होते, मागपर्यंत सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. येणारच, तुमच्या कानाला. माणसाचं डोकं समोरच्याकडे लक्ष लावून बाकीचं गाळत असतं, फोन बिचारा जे येईल ते सगळं घेतो.

अजून एक गंमत. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. स्पीकर स्टेजपाशीच असतील आणि तुम्ही ३० मीटर मागे उभे असाल तर शब्द ८७ मिलिसेकंद उशिरा पोचतो. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २५ चित्रं असलेल्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे ओठ हलून दोन फ्रेम गेल्यावर शब्द. बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण डब केल्यासारखं वाटत राहतं. (हे मी सरकवून नीट करतो, दोन मिनिटांचं काम आहे. घुमाऱ्याचं तसं नाही.)

चांगला व्हिडिओग्राफर काय करतो, तर आदल्या दिवशीच साउंडवाल्याला गाठून त्याच्या मिक्सरमधून, म्हणजे सगळे माइक जिथे जोडतात त्या मशीनमधून, थेट फीड ठरवतो. तिथेही एक खड्डा आहे, मिक्सरमधून बहुतेक वेळा लाइन लेव्हलचा, म्हणजे माइकपेक्षा कितीतरी जोरकस सिग्नल येतो, तो तसाच माइकच्या इनपुटला घातला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही. दुसरं म्हणजे त्या फीडमध्ये नुसता स्टेजवरचा माइक असतो. टाळ्या नाहीत, हशा नाही. वक्ता भन्नाट विनोद करतो आणि पुढे स्मशानशांतता, रेकॉर्डिंग बघून वाटतं कोणी हसलंच नाही. म्हणून तो प्रेक्षकांकडे तोंड करून एक माइक वेगळा लावतो, आणि कॅमेऱ्यावरचा आवाज चालू ठेवतो तो फक्त सिंक करायला, म्हणजे चित्र आणि आवाज नंतर जुळवायला. एकच भाषण तीन ठिकाणी.

एआय साफ करतं हे अर्धं खरं आहे. पंख्याची घरघर, एसीचा एकसुरी आवाज काढायला ही साधनं कमालीची झालीत, मी रोज वापरतो, उगाच नाकं मुरडणार नाही. पण घुमाऱ्यात बुडालेलं वाक्य ती साफ करत नाहीत, अंदाजाने नवं घडवतात, आणि अंदाज चुकतो तो नेमका नावांत आणि आकड्यांत. आता कंपनीच्या कार्यक्रमातून नावं आणि आकडे काढले तर उरतं काय?

एक किस्सा सांगतो, कंपनीचं नाव नको. त्यांचे संस्थापक निवृत्त होत होते, निरोपाचं भाषण, पाऊण तास. शूट केलं अकाउंट्समधल्या एकाने, फोन ट्रायपॉडवर लावून, मनापासून केलं होतं बिचाऱ्याने. एकविसाव्या मिनिटाला त्याला फोन आला, सवयीने उचलला, रेकॉर्डिंग बंद पडलं, आणि हे त्याच्या लक्षात आलं बत्तिसाव्या मिनिटाला. मधली अकरा मिनिटं गेली ती गेली. त्या अकरा मिनिटांत म्हणे साहेब पहिल्या दिवसापासून सोबत असलेल्या लोकांची एकेक नावं घेत होते आणि घेता घेता रडले. मला विचारलं काही करता येईल का. नसलेलं फुटेज कसं एडिट करतात मला अजून माहीत नाही.

आता पहिला मुद्दा, फोर-के. ३८४० गुणिले २१६०, म्हणजे साधारण ८३ लाख पिक्सेल, मान्य. पण हा आकडा चित्राचे तुकडे किती बारीक केलेत ते सांगतो, तुकड्यात काय उतरलं ते सांगत नाही. उजेड टिपतो तो सेन्सर. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या प्रोफेशनल कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, चांगल्या फोनच्या मेन सेन्सरच्या सहज सात-आठ पट क्षेत्रफळाचा, आणि हॉलच्या मागून झूम करताना फोन मेन सेन्सर वापरतच नाही, टेलीवर, म्हणजे लांबचं जवळ दाखवणाऱ्या दुसऱ्या कॅमेऱ्यावर जातो ज्याचा सेन्सर आणखी लहान, नाहीतर मग मेनचंच चित्र कापून मोठं करून देतो. दुपारच्या उन्हात, जवळून, फोन झकास दिसतो, त्यात वादच नाही. कंपनीचा कार्यक्रम मात्र अंधाऱ्या हॉलमध्ये असतो आणि वक्त्याच्या मागे भलीमोठी झगझगीत स्क्रीन असते. ऑटोवर ठेवलेला फोन स्क्रीन बघून एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजेड, खाली आणतो, वक्ता काळा ठिक्कर. स्लाइड बदलून काळी आली की तोच वक्ता एकदम पांढराफटक. पाऊण तास हेच, उजेड-अंधार उजेड-अंधार. प्रोफेशनल माणूस हे लॉक करून ठेवतो, वक्त्याच्या चेहऱ्यावर वेगळा दिवा मागून घेतो, नाहीतर निदान वक्ता ज्यामागे उभा राहतो ते पोडियम स्क्रीनपासून चार पावलं बाजूला सरकवायला लावतो. मला विचाराल तर ही चार पावलं फोर-केपेक्षा मोलाची आहेत.

दिव्यांचंही तसंच. वीज ५० हर्ट्झची असेल तर बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, ६० ची असेल तर १२०. डोळ्याला कळत नाही पण शटर, म्हणजे कॅमेरा प्रत्येक फ्रेमला किती वेळ उजेड आत घेतो ते, त्याच्याशी जुळलेलं नसेल तर चित्रावर पट्टे सरकताना दिसतात, आणि एकदा रेकॉर्ड झाले की काढणं महाकठीण. ५० हर्ट्झला शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवलं तर बहुतेक वेळा निभावतं, एलईडी स्क्रीन असेल तर अजून बारीक जुळवाजुळव लागते. ऑटोवरचा फोन शटर स्वतःच्या मर्जीने वरखाली करत असतो, शिवाय फ्रेम रेटही थोडाथोडा हलतो, त्यामुळे लांबलचक क्लिपमध्ये वेगळा घेतलेला आवाज कधीकधी हळूहळू सुटत जातो. सुरुवातीला बरोबर, चाळिसाव्या मिनिटाला ओठ एकीकडे शब्द दुसरीकडे.

ॲपलचा मुद्दा मला सगळ्यात आवडला कारण तो खरा आहे. ३० ऑक्टोबर २०२३ चा ‘स्केअरी फास्ट’ इव्हेंट त्यांनी खरोखर आयफोन १५ प्रो मॅक्सवर शूट केला. फक्त त्यांनीच मागाहून दाखवलेला पडद्यामागचा व्हिडिओ फॉरवर्ड करणाऱ्यांनी बघितलेला नाही. क्रेन, डॉली (कॅमेरा सरकवायची गाडी), ड्रोन, मोठमोठे दिवे, आणि हे सगळं चालवणारी पट्टीची माणसं. शूट लॉगमध्ये, म्हणजे फिकट दिसणारं आणि नंतर रंग चढवण्यासाठीच घेतलेलं फुटेज, नेहमीचं कॅमेरा ॲप सोडून वेगळं ॲप. थोडक्यात त्यांनी बदलला तो फक्त कॅमेरा, बाकी कोणाला घरी पाठवलं नाही. तुमच्या व्हिडिओग्राफरने उद्या फोन घेऊन शूट केलं तरी माझी काडीची तक्रार नाही, चांगलंच करेल.

एडिटिंग ॲप करतं, हो करतं, टाळ्यांवर कट मारून वर गाणं चढवतं. गाजलेलं गाणं चढवलं की यूट्यूबची कंटेंट आयडी, म्हणजे दुसऱ्याची गाणी ओळखणारी यंत्रणा, ते पकडते, मग कधी व्हिडिओ ब्लॉक तर कधी त्यावर गाण्याच्या मालकाच्या कमाईच्या जाहिराती, आणि सोमवारी सकाळी मला फोन. यावर जास्त बोलत नाही, माझ्या पोटाचा प्रश्न असल्याने माझं मत तसंही कोण धरणार.

तीन मिनिटांचे एवढे पैसे कसे, हे मात्र नीट सांगायला पाहिजे कारण हा प्रश्न चांगली माणसंही विचारतात. तीन मिनिटांत साधारण चारशे शब्द बसतात. आणि कंपनीला सांगायचं असतं काय, तर स्थापनेपासूनचा इतिहास, सगळी प्रॉडक्ट्स, सगळे विभाग, सगळे डायरेक्टर. यातलं काय गाळायचं हे ठरवण्यातच अर्धे दिवस जातात. मग जागा बघून येणं, कुठल्या खोलीत किती वाजता कसा उजेड येतो, कुठलं मशीन किती आवाज करतं. मग मुलाखती. एरवी मीटिंगमध्ये धडाधड बोलणारा माणूस लेन्स समोर आली की पाठ केलेलं बोलायला लागतो, मुलाखत घेणाऱ्याने त्याला गप्पांत गुंतवणं, ‘लेन्सकडे न बघता माझ्याकडे बघा’ म्हणणं, ‘उत्तर पूर्ण वाक्यात द्या कारण माझा प्रश्न कापला जाणार आहे’ हे तीनतीनदा सांगणं, आणि शेवटी सगळ्यांना अर्धा मिनिट गप्प बसवून त्या खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करून घेणं, जी मला एडिट करताना दोन वाक्यांच्या मधल्या फटी बुजवायला लागते. हे सगळं झाल्यावर माझ्याकडे फुटेज येतं. तीन कॅमेरे सहा तास चालले तर अठरा तासांचं फुटेज, ते नुसतं बघायलाच किती वेळ लागतो हिशोब करा. मग रफ कट, म्हणजे पहिली कच्ची जुळणी, मग ‘सगळं छान आहे फक्त थोडं’ अशा करेक्शन्स.

हौशी पोराबद्दल माझ्या मनात काही नाही, आमच्यातले अर्धे असेच सुरू झाले. पण कार्यक्रमाला रीटेक नसतो. बक्षीस एकदाच दिलं जातं, हात एकदाच मिळवला जातो. प्रोफेशनल कॅमेऱ्यात रेकॉर्डिंग एकाच वेळी दोन मेमरी कार्डांवर होत असतं, एक मेलं तर दुसरं असतं, दुसरा कॅमेरा अख्खं स्टेज धरून नुसता उभा असतो, आणि माणूस घरी जायच्या आधी सगळं दोन डिस्कवर उतरवतो. पोराच्या फोनमध्ये एकच कॉपी, आणि ती पण त्याच्या सुट्टीच्या फोटोंशेजारी. आणि गेली तर काय करणार, नोकरीवरून काढणार? ज्याने पैसे घेतलेत त्याला निदान जाब तरी विचारता येतो.

मेसेज एके ठिकाणी बरोबर आहे तेही सांगून टाकतो. रोजचे अपडेट, ऑफिसातल्या छोट्या गंमती, आतल्या आत बघायचं ट्रेनिंग, पडद्यामागच्या रील्स, यासाठी कोणाला बोलवू नका, फोनच बरा, उलट जास्त जिवंत वाटतं. आणि मोठा कॅमेरा घेऊन आला म्हणजे प्रोफेशनल झाला असंही नाही, कॅमेऱ्यावरच्या माइकने अख्खं वार्षिक संमेलन शूट केलेले महाभाग मी पाहिलेत. म्हणून ठरवताना कॅमेऱ्याचं मॉडेल विचारू नका. आवाज कुठून घेणार विचारा. कार्ड मेलं तर काय ते विचारा. शोरील, म्हणजे निवडक तुकड्यांची नमुना फिल्म, बघू नका, म्हणजे बघा, पण एखाद्या कार्यक्रमाचं न कापलेलं सलग दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग मागा. करेक्शन किती वेळा, रॉ, म्हणजे न कापलेलं मूळ फुटेज कोणाचं आणि किती दिवस सांभाळणार हे लेखी घ्या, कारण हक्क कोणाचा याचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत आणि भांडणं सगळीकडे सारखीच.

आणि इतकं वाचूनही फोनच वापरायचा असेल तर फ्लाइट मोड लावा, एक्स्पोजर लॉक करा, पुढे जाऊन बसा, आणि दुसरा एक फोन रेकॉर्डर चालू करून पोडियमवर वक्त्याच्या समोर ठेवून द्या, तोही फ्लाइट मोडवर. त्या अकाउंट्सवाल्याला मी हेच सगळं सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं, एका कागदावर लिहून पण घेतलं, आणि मग म्हणाला, हे पुढच्या वेळी करतो हो, पण आत्ता साहेबांना काय सांगू?